मूर्तिजापूरच्या अलीकडे

बाबा, तुम्ही माझ्या स्वप्नात येता हे तुम्हाला माहीत आहे की नाही, कोण जाणे. येता तेही भरदुपारी. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला नव्याने सांगायला नको. जेवून खिडकीतला कूलर लावला की त्याच्या घरघरीत माझा डोळा लागतो, आणि थोड्या वेळाने तीच घरघर गाडीच्या इंजिनाची होते. एसटीची लाल गाडी, काचा बंद, रेक्झिनची सीट तापलेली, बडनेरा मागे पडलेलं आणि पुढे मूर्तिजापूरचा रस्ता. गाडीत सगळे ओळखीचे, पण एकही जिवंत नाही. गणिताच्या बाई असतात, आपल्या गल्लीतली दळणाचा डबा घेऊन जाणारी काकू असते. कधी माझ्या शेजारी माझा नवराही असतो, जिवंतपणी बसायचा तसाच, खिडकीला डोकं टेकून झोपलेला. आई मात्र कधीच नसते. तिला गाडी लागायची, म्हणून असेल. कुणी कुणाशी बोलत नाही, माझ्याकडे तर बघतही नाही. मग पुढून पंचची टिकटिक ऐकू येते आणि खाकी कपड्यांतले तुम्ही एकेका सीटपाशी थांबत माझ्यापर्यंत येता.

"बोला बाई, कुठी जाचं?"

मला बाई म्हणता, बाबा! मला, जिला आयुष्यभर 'माय' म्हणून हाक मारलीत. मी तोंड उघडते, पण गावाचं नाव येत नाही. अमरावती म्हणावं की अकोला, तेच कळत नाही, आणि 'बाबा, मी आहे' असं म्हणायला जावं तर घशातून आवाजच निघत नाही. तुम्ही जरा थांबता, पंच सीटच्या दांडीवर आपटता. "गावाचं नाव मालूम नाई अन् गाडीत बसता?" असं म्हणून दोरी ओढता. गाडी रस्त्यात थांबते, एका बाभळीपाशी. मी उतरते. डबल बेल होते, गाडी जाते, तुम्ही दारात उभे असता आणि मागे वळून बघत नाही. इथे मला जाग येते. घसा कोरडा पडलेला असतो, उशी घामाने भिजलेली असते, आणि घरात माझ्याशिवाय कुणी नसतं.

घरात कुणी नसतं हे आता नेहमीचंच झालं आहे. हे गेले, मुलगी बंगलोरला आहे, रविवारी तिचा फोन येतो. पुढच्या खोलीत मी साड्यांना फॉल लावते, पिको करते. बायका साड्या टाकून जातात, "काकू, उद्यापर्यंत होईल न?" विचारतात, झालं बोलणं. दिवसभर माझ्याशी कोण बोलतं म्हणाल तर पिकोचं मशीन. तक्रार करत नाही, पण संध्याकाळी दिवा लावताना कधी लक्षात येतं की आज आपण कुणाशी पुरतं वाक्यसुद्धा बोललो नाही. त्यात दुपारी तुम्ही येता आणि ओळख न दाखवता रस्त्यात उतरवून देता. परक्यांनी असं केलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते.

तुमच्या गाडीत मी पहिल्यांदा बसले तो उन्हाळाही असाच होता. शाळेला सुट्या होत्या, मी घरात आईला सळो की पळो करून सोडलं होतं, म्हणून तुम्ही मला ड्युटीवर सोबत घेतलं. अमरावतीहून अकोला आणि परत. मला वाटलं होतं, दारापाशी तुमच्या सीटवर रुबाबात बसायला मिळेल. तुम्ही मला मधल्या रांगेत बसवलं, दोन अनोळखी बायकांच्या मध्ये. गाडी भरलेली, तुम्ही तिकिटं फाडत येत होतात, आणि मी दोन्ही हात हलवत आनंदाने ओरडले, "बाबा, इकडे!" तुम्ही असं पाहिलंत की माझे हात आपोआप खाली गेले. "ड्युटीवर मी कोनाचा बाबा नाई," तुम्ही हळूच म्हणालात. "कुठी जाचं, सांगा." मी रडवेल्या आवाजात अकोला म्हटलं. तुम्ही अर्धं तिकीट फाडलं, पंच केलं, माझ्या मुठीत दिलं, स्वतःच्या खिशातले पैसे पेटीत टाकले आणि पुढच्या सीटकडे वळलात. शेजारची बाई मला विचारत होती, "कंडक्टर तुये वडील हायेत काय व?" मी नाही म्हणाले. इतका राग आला होता मला तुमचा.

मग मूर्तिजापूरचं स्टँड आलं. चहापाण्याला गाडी थांबली, माणसं भराभर उतरली, आणि तुम्ही पंच खिशात टाकून, टोपी काढून काखेत धरून माझ्यापाशी आलात. "चाल व माय, भूक लागली असंन." तोच चेहरा, तीच खाकी, पण माणूस घरचा. कँटीनमध्ये तुम्ही एक आलूबोंडा घेतला, गरम, कागदात तेल उतरलेला. त्याचे दोन भाग केले, मोठा माझ्या हातात दिला, तळलेली मिरची स्वतःकडे ठेवली. तुमचा जीव त्या आलूबोंड्यावर होता; घरी पुरणपोळी असली तरी तुम्ही त्याची आठवण काढायचात आणि आई चिडायची. तुम्ही बशीत चहा ओतून मला पाजत होतात आणि विचारत होतात, "रागावली काय?" मी मान हलवली, तर हसलात. "अवं, गाडीत तुले ओळख दाखवली तं उद्या साऱ्या गावाले दाखवा लागते." ड्रायव्हरने हॉर्न दिला, टोपी डोक्यावर गेली, आणि मी पुन्हा मधल्या रांगेतली प्रवासी झाले. त्यानंतर सुट्यांत कितीदा तरी आले तुमच्यासोबत. मूर्तिजापूरपर्यंत गप्प बसायचं, तिथे चहाभर बाप मिळायचा, पुन्हा गप्प. सवय झाली मला. खरं सांगू? घरी तुम्ही थकलेले असायचात, जेवून आडवे व्हायचात. तुमच्याशी माझं बोलणं जे काही झालं ते त्या कँटीनमध्येच झालं.

तुम्ही गेलात तो दिवस तुम्हाला सांगायचा राहिला आहे. तुम्हाला दवाखान्यात ठेवल्याचा निरोप आला आणि मी अकोल्याहून मिळेल त्या गाडीत बसले. कंडक्टर तुमच्याच डेपोचे, तुमच्या हाताखाली शिकलेले. ते तिकिटं फाडत आले, मला पाहिलं आणि पुढे निघाले. मी हाक मारली, "काका, माझं तिकीट?" ते खाली बघत म्हणाले, "राहू दे न बाई. तुयाकून काय टिकीट घेऊ आज." आज म्हणाले ते, आणि मला कळलं. डेपोत फोन येऊन गेला होता, मला सांगायचा त्यांना धीर होत नव्हता. मी म्हटलं, "घ्या काका. त्यांना चालणार नाही." त्यांनी तिकीट फाडलं, पंच केलं आणि पुढे गेले. मूर्तिजापूरला गाडी थांबली, सगळे उतरले, मी जागेवरून हलले नाही. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि नंतर वाटलं त्यालाही तीच चव होती.

स्वप्नाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. या वर्षी फाल्गुनात अमरावतीला धाकट्या भावाकडे गेले आणि तिथेही दुपारी दचकून उठले, तेव्हा वहिनीने विचारलं म्हणून सांगितलं. ती हातातलं निवडणं बाजूला ठेवून सरळ बसली. "ताई, बाबा अडकून राहिले. येवढे वर्स झाले, तरी ड्युटीच करून राहिले बिचारे. अक्षय तृतीयेले तुमी घागर भरा त्याइच्या नावानं, पितर जेवू घाला." मी म्हटलं, तुम्ही भरताच की दरवर्षी. "आमी भरतो, पन ते तुमच्याकडे येतात न. ज्याच्याकडे येतात त्याच्याच हातचं पाह्यजे त्याइले. अन् त्याइच्या आवडीचं पानात ठेवा, तेवढं इसरू नका. आवडीचं राह्यलं का जीव त्याच्यातच गुतते, मंग नाई सुटत." धाकटा पलंगावर पडून ऐकत होता. तो हसायला लागला. "ताई, तू काहून भेऊन राहिली? माह्यासंगही असंच करे न ते. ड्युटीवरच्या बाबाले भेटून राहिली तू. मूर्तिजापूर तं येऊ दे!" वहिनीने त्याला दटावलं. पण बाबा, त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात त्याचंच वाक्य बसलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही मला विसरलात. विसरला नव्हतात तर. गाडी अजून मूर्तिजापूरच्या अलीकडे आहे, इतकंच.

आणि इथेच माझी पंचाईत झाली. घागर भरली की तुम्ही सुटणार. सुटणार म्हणजे येणार नाही. एकीकडे तुम्ही उन्हातान्हात त्या तापल्या गाडीत उभे आहात, पायाला गोळे येत असतील, आणि ते थांबवणं माझ्या हातात आहे. मुलगी असून कसं नाही करायचं? दुसरीकडे, माझ्याकडे येणारं दुसरं आहे कोण? वाईट स्वप्न तर वाईट स्वप्न, पण त्यात तुम्ही माझ्यासमोर उभे असता, तुमच्या कपड्यांना डिझेलचा आणि घामाचा वास येतो, तुम्ही मला काहीतरी विचारता. दिवसभरात मला कुणी विचारलेला तेवढाच एक प्रश्न असतो कधी कधी.

तरी घागर भरली. कुंभाराकडून नवी घागर आणली, पाण्यात वाळा टाकला. पुरण शिजवलं, आंब्याचा रस केला, कुरडया तळल्या, वडे केले, चिंचोणी केली. चिंच कोळून गूळ घालताना तुमची आई आठवली. पितर म्हणून शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांना ओवाळलं, पानावर बसवलं. एकट्या बाईच्या घरी एवढा स्वयंपाक बघून त्यांनाच अवघडल्यासारखं झालं, पण जेवले छान. रस दोनदा मागून घेतला. हात धुताना म्हणाले, "बाई, समदं पान तं झ्याक होतं. तुमच्या बाबाचं आवडीचं कोनतं यातलं?" मी म्हटलं, "कुरडई." तुम्हाला कुरडई आवडायची नाही. दातात अडकते म्हणायचात.

मग तुम्ही खरोखरच आला नाहीत. मी रोज जेवून कूलर लावायची, पडायची. झोप लागायची, पण नुसती झोप. आत गाडी नाही, माणसं नाहीत, काही नाही. उठल्यावर घसा कोरडा नसायचा. वहिनी फोनवर विचारायची, मी म्हणायची, नाही येत आता. तिला समाधान वाटायचं. मी मशीनवर बसायची आणि फॉल तिरका जायचा. एका बाईची साडी उसवून परत लावून द्यावी लागली. तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले होते, पण या दिवसांत जशी रडले तशी तेव्हाही नव्हते. आता तुम्ही खरेच गेलात असं वाटलं, आणि तुम्हाला मीच पुरणपोळी वाढून घालवलं.

काल दुपारी गाडी आली. काचा बंद, गणिताच्या बाई त्यांच्या जागेवर, टिकटिक पुढून येत होती. "बोला बाई, कुठी जाचं?" मी तोंड उघडलं, काल तरी आवाज निघेल असं वाटलं, पण नाही निघाला. तुम्ही रागावलात, दोरी ओढलीत, मला बाभळीपाशी उतरवलंत आणि मागे न बघता गेलात. जागी झाले तर कूलरमधलं पाणी संपलं होतं, उशी ओली होती, आणि मी पडल्या पडल्या हसत होते. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "बाबा नाई येत न आता, ताई? सुटले न?" मी म्हटलं, "हो, सुटले."

हे पत्र मी लिहून मशीनच्या खणात रिळांखाली ठेवणार आहे. तुम्हाला पाठवायचं तर गाडीतच द्यावं लागेल, आणि ड्युटीवर तुम्ही ते घेणार नाही. म्हणून इथेच सांगते. घागर भरली त्या दिवशी बटाटे उकडून ठेवले होते, बेसन भिजवलं होतं, मिरच्यासुद्धा चिरा देऊन ठेवल्या होत्या. कढईतलं तेल तापलं आणि मी गॅस बंद केला. तुमच्या पानात आलूबोंडा मी मुद्दाम ठेवला नाही, बाबा. पुढच्या वर्षीही ठेवणार नाही. गाडी मूर्तिजापूरला थांबेपर्यंत तरी नाही.