थांबलेलं कापायचं नाही

१२ नोव्हेंबर, रविवार

प्रिय मावशी,

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन तुला माहीत आहे, आणि टाईप एका बोटाने करते, त्यामुळे सकाळी बसले तरी दुपार होणार. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे मजेत. आईची कंबर पण बरी आहे.

तुझा निरोप मिळाला. अडखळणाऱ्या मुलांच्या आपल्या क्लासची वेबसाईट महिनाअखेर बंद होतेय तर होऊ दे, मुलं मोठी झाली, त्यांचं तेव्हाचं अडखळणं आता कोण ऐकणार, असं तू लिहिलंस. मी नाही होऊ देणार.

लिहिलेली पानं एका दुपारी उतरवून झाली. खरी कटकट आवाजांची. आम्ही बोलायचो ते रेकॉर्ड करून तू तिथे टाकायचीस ना, ते ज्या प्लेअरवर वाजायचं तो आता कुठल्याच कॉम्प्युटरवर चालत नाही. बटण दिसतं, दाबलं तरी ढिम्म. मग एकेक फाईल शोधून काढली.

दादा म्हणाला, दे इकडे, तुझं वर्ष जाईल. त्याने सगळ्या एकदम नव्या करून दिल्या आणि वर म्हणतो, बघ, किती छान बोलतायत सगळे. ऐकलं तर खरंच, कोणी थांबतच नव्हतं. फाईल लहान व्हावी म्हणून त्याने मधली शांतता कापायचं बटण दाबलं होतं.

मावशी, मी दादावर ओरडले. मी!

सगळं पुन्हा केलं, काही न कापता. क्लासमधले जे सापडले त्यांना विचारलं, तुमचा आवाज ठेवू का. दोघी नको म्हणाल्या, त्यांचं काढलं. त्यातला तो दांडगोबा, तो आता कंडक्टर झालाय. त्याने लिहिलं, "ठेव. पण थांबलोय तिथे हात लावू नको, जास्त कष्ट तिथेच पडलेत."

माझं पण आहे त्यात. नुसतं नाव सांगतेय. पहिलं अक्षर, मग काहीच नाही. खुर्ची करकरते, बाहेर कोणीतरी बादली ठेवतं, आणि तू गप्प. माझं नाव तू माझ्याआधी घेत नाहीस.

शाळेत तसं नव्हतं. आईची कंबर धरली म्हणून शाळा सोडली, असं तुला कळवलं होतं. कंबर धरली होती, ते खोटं नाही. पण धडा वाचताना अडले की बाई माझं वाक्य पुरं करायच्या. मग वर्गालाही सवय लागली, मी तोंड उघडायच्या आत सगळे मिळून पुरं करायचे. बाई वाईट नव्हत्या, त्यांना घाई असायची. परत जा म्हणू नकोस.

कुठल्यातरी घरात अशीच एखादी असेल. तिला ऐकू दे की कोणी असंही थांबतं.

नवी जागा तयार आहे, पण पत्ता वेगळा. लोक जुन्याच पत्त्यावर जाऊन परत फिरणार. बंद व्हायच्या आधी आत जाऊन नवा पत्ता दिला, तर वेबसाईटवाले वर्षभर तिकडे वळवून देतात. पासवर्ड फक्त तुझ्याकडे आहे.

तो पाठव. शनिवारपर्यंत नाही आला तर मी फोन करीन. मी स्वतः, आईकडे न देता. प वरचे शब्द मला जड जातात, हे तुला माहीत आहे. लागेल तेवढा वेळ लागू दे, मी पासवर्ड पुरा म्हणणार. आणि तू फोन ठेवणार नाहीस.

तू ठेवलेल्या नावाची,
बडबडी

बाबांनी काल मिशी काढली. घरात अजून कोणी त्यावर एक शब्द बोललेलं नाही.