नव्वद नंबरचं तेल

उस्ताद, तुमचं नरसाळं अजून माझ्याकडं आहे. तेच, पत्र्याचं, आत बारीक जाळी बसवलेलं. आज सकाळी त्यातूनच गाडीत तेल ओतलं, आणि बरंचसं इंजिनावरच सांडलं. म्हणून लिहायला बसलो. इचोड्याला तुमचं गाडीदुरुस्तीचं शेड होतं तिथं आता ढाब्यावरचे ट्रक उभे राहतात. पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्न आहेच, पण लिहिल्याशिवाय आज जेवण जाणार नाही.

माझी गाडीही माझ्यासारखीच, जुनी. डिझेलची, आठ माणसं बसणारी व्हॅन. तलमडुगूकडच्या आमच्या गावातून आठवड्यात तीनदा मी बायकोला आदिलाबादला डायलिसिसला नेतो. सकाळी सातला तिथं पोचायचं असतं आणि तेवढ्या लवकर बस नाही. मागं एकदा गाडी बिघडली तेव्हा ती म्हणाली, "एक खेप चुकली तं का मरते माणूस? राहू द्या." घरात कापूस वेचणाऱ्या बायका आल्या होत्या, त्यांचा चहा करत बसली. दुसऱ्या दिवशी तिला श्वास पुरेना. भिंतीला टेकून बसली होती आणि मला हातानंच सांगत होती, घाबरू नका. तेव्हापासून ही गाडी माझ्यासाठी नुसती गाडी राहिली नाही.

दिवाळी झाली आणि इंजिनात खालून टकटक सुरू झाली. गरम झालं की जास्त. बेअरिंग झिजलं हे कळायला मला कोणाला विचारावं लागलं नाही, तुम्ही कान दिलेत तेवढे. पण इंजिन खाली उतरवायचं म्हणजे आठ दिवस गाडी उभी. आठ दिवसांत तीन खेपा, आणि ती पुन्हा म्हणणार, राहू द्या. तेलाच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "काका, नवीन पातळ तेल न्या, ॲव्हरेज वाढते." शेजारी एक ट्रकवाला उभा होता, तो हसला. "म्हातारीले पातळ पाजता काय? हाडं वाजतीन तिची. अर्धा लिटर नव्वद नंबर मिसळा, चूप बसते." नव्वद नंबर म्हणजे गिअरबॉक्समधलं, काकवीसारखं जाड तेल. इंजिनात ते घालायचं नसतं, हे मला त्या ट्रकवाल्याच्या जन्माआधीपासून ठाऊक. तरी घातलं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. गाडी चूप बसली. बायकोनं विचारलं, "आवाज गेला वाटते?" मी म्हणालो, "चांगलं तेल टाकलं."

काल सकाळी थंडी अशी होती की बादलीतल्या पाण्याला हात लाववत नव्हता. किल्ली फिरवली तर इंजिन चिखलातल्या बैलासारखं फिरलं. चालू झालं, पण तेलाचा लाल दिवा विझेना. तो दिवा जळतो आहे म्हणजे तेल वर पोचलेलं नाही, कोरडं लोखंड लोखंडावर घासतं आहे. शालीत गुंडाळलेली बायको शेजारी बसून त्या दिव्याकडंच बघत होती.

"हा लाल काऊन इझून नाही राह्यला?"

"थंडी हाय. लागते थोडा वेळ."

"मंग तुमचा आवाज काऊन बारीक झाला?"

दिवा विझला एकदाचा. आदिलाबादपर्यंत मी बैलगाडीच्या चालीनं गेलो, कान खाली आणि डोळे त्या दिव्यावर. वाटेत बंद पडली असती तर तिला कोणाच्या गाडीत घालून नेलं असतं, हेच सारखं मनात.

वाटेत तुम्हीच आठवत होता. मी तुमच्याकडं आलो तेव्हा दोन लेकरांचा बाप होतो, वय झालेला शागिर्द, मराठी चौथी शिकलेला. डब्यावरचे आकडे तुम्ही मला शिकवलेत. "पंधरा-चाळीस म्हंजे काय? पयला आकडा थंडीचा, दुसरा गरमीचा. खोबऱ्याचं तेल हिवाळ्यात शिशीतून निंगते का? तसंच हे. गाडीचं वय नको पाहू, तिचं पुस्तक पाह्य, अन् आपल्या इथची हवा पाह्य." आणि तो दिवस. तुम्ही सामान आणायला गेला होता. एक जण टकटक करणारी व्हॅन घेऊन आला, म्हणाला, गिऱ्हाईक येणार आहे, हिला जरा चूप करा. मी नव्वद नंबर ओतलं. गाडी विकली गेली, बोथ गावच्या एका भाजीवाल्यानं घेतली. तुम्ही परत आलात, ओट्यावरचा उघडा डबा पाहिलात आणि सगळं ओळखलंत. शिवी दिली नाहीत. एवढंच म्हणालात, "दुखणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला तुनं. उद्या बोथले जाय अन् त्याले सांगून ये. इथं तसंच तोंड नको दाखवू."

आज सकाळी ते सगळं तेल खाली काढलं. धार तुटतच नव्हती. मग पुस्तकात लिहिलेलं पंधरा-चाळीस भरलं, तुमच्या नरसाळ्यातून. गाडी चालू केली. दिवा लगेच विझला आणि टकटक परत आली, पहिल्यापेक्षा मोठी. बायको पिठाच्या हातानं दारात आली.

"आली का माहेराहून?"

"आली," म्हटलं, आणि मग सगळं सांगून टाकलं. बेअरिंग, नव्वद नंबर, आठ दिवस. ती रागावेल वाटलं. ती पायरीवर बसली आणि लुगडं घोट्याच्या वर घेतलं. पाय फुगलेले. बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहिला.

"चार दिवस झाले," ती म्हणाली. "तुमी आधीच गाडीच्या घोरात होते. म्हटलं, काऊन सांगा."

दोघंही आपापलं दाबून त्या गाडीत शेजारी बसत होतो, उस्ताद. उद्या डॉक्टरांना पाय दाखवायचा. गावातल्या ऑटोवाल्याशी बोललो, तिन्ही खेपा तो नेतो म्हणाला. ती "राहू द्या" म्हणाली नाही. परवा इंजिन उतरवतो. बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या दांड्याला किती लागलं असेल, ते उघडल्यावरच कळेल. भीती त्याचीच आहे. पायाचीही आहे.

हे पत्र गाडीच्या पुस्तकात ठेवतो, तेलाचं पान आहे तिथं. पण तुमच्यापाशी एक सांगायचं राहिलंच. मी बोथला गेलो होतो, त्या भाजीवाल्याच्या दारापर्यंत. त्यांनी व्हॅनला झेंडूचा हार घातला होता, त्याची म्हातारी आई चाकांना कुंकू लावत होती. मला कोणी पाहुणा समजून तिनं बसायला टाकलं, पाणी दिलं. मी पाणी प्यालो आणि परत आलो. तुम्हाला म्हणालो, सांगून आलो. त्या संध्याकाळी तुम्ही मला हे नरसाळं दिलंत.