दोन भुवयांच्या मधली जागा

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगात कपाळ जमिनीला टेकवावं लागतं आणि सध्या माझं कपाळ कशालाही टेकवायला डॉक्टरांची मनाई आहे. तेव्हा हा नमस्कार तूर्त उभ्यानेच केलेला समज.) तुझी पाठ कशी आहे? दाजींचा गुडघा त्यांना जिना चढू देतो, की अजून ते पहिल्या पायरीवर बसूनच पेपर वाचतात? भाचीच्या अभ्यासाची चौकशी मी करत नाही. त्या वयात माझ्या अभ्यासाची चौकशी करणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाचा चेहरा मला अजून आठवतो. माझी तब्येत उत्तम आहे. जेवण जातं, झोप लागते. फक्त दोन भुवयांच्या मधे, नाकाच्या जरा वर जी जागा असते, तिचं काही बरं नाही. आजचं पत्र त्या जागेविषयी आहे.

आपल्या घरात माणशी एकच भुवई असते हे तुला सांगायला नको. बाबा वाचनालयात होते, पण तिथे ‘शांतता राखा’ ही पाटी कधी लावावी लागली नाही, कारण समोर बाबा बसलेले असत. (खरं म्हणजे त्या भुवईखाली ते बहुतेक वेळा डुलकी काढत, पण हे वाचकांना कळत नसे.) तीच भुवई पुढे तुझ्याकडे आली आणि तुला शोभली. माझ्याकडे येताना मात्र ती वाटेत बरीच फोफावली. पुरुषांच्या वॉर्डात नर्स होतो तोवर मला तिचा फायदाच झाला. ऑपरेशन झालेले दांडगे गृहस्थ, ‘खाली उतरू नका’ असं मी म्हणायच्या आत पाय खाटेवर घेत. मग माझी बदली झाली ती थेट लहान मुलांच्या वॉर्डात.

तिथली भिंत पिवळी आहे आणि तिच्यावर हसरे हत्ती काढलेत. त्या हत्तींच्या पुढून मी औषधांचा ट्रे घेऊन निघालो की पहिल्या खाटेवरचं मूल रडू लागे, मग दुसऱ्या खाटेवरचं, मग खिडकीपर्यंत सगळी ओळ. ज्याला काहीच टोचायचं नव्हतं तोही इतरांना साथ म्हणून रडे. मी हसून पाहिलं. हसलो की भुवई खाली येते आणि चेहरा आणखी भयंकर दिसतो, हे मला तिथल्या बेसिनवरच्या आरशात कळलं. त्यांच्यात एक मुलगी होती, सायकलवरून पडून नडगी सोलून घेतलेली. सगळ्यांना हुकूम सोडायची म्हणून आम्ही तिला फौजदार म्हणायचो. माझ्या हातात पट्टीचं सामान दिसलं की ही फौजदार खाटेखाली जाऊन बसे आणि बाहेर काढायला गेलं तर चावे. जखम रोज स्वच्छ करणं भाग होतं. दोघी सिस्टरांनी धरायचं आणि मी पट्टी बदलायची, असं चाललं होतं. ताई, रडणाऱ्या पोराला धरून ठेवून केलेलं काम हातून नीट झालं तरी जेवताना घास उतरत नाही गं.

शेवटी वॉर्डच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या सिस्टर म्हणतो, त्यांनी मला चहाच्या वेळी बाजूला घेतलं. म्हणाल्या, “तुमचं मन फार मऊ आहे हो. पण तिथवर पोचायला पोरांना ती भुवई ओलांडावी लागते. बघा काही करता आलं तर, नाहीतर मला तुमची बदली मागावी लागेल.” त्या चांगल्या मनानेच बोलल्या. पण मला तो वॉर्ड सोडायचा नव्हता. का, ते विचारू नकोस. जिथे आपल्याला पाहून सगळे रडतात तिथेच राहावंसं वाटणं हे कदाचित आजाराचं लक्षण असेल.

पहिला सल्ला एक्सरेवाल्याने दिला. (त्याला माणसाच्या आतलं सगळं दिसतं, त्यामुळे बाहेरचंही कळतं असा त्याचा समज आहे.) तो म्हणाला, दाढी करतोस तसाच मधून एक हात फिरव. फिरवला. त्या दिवशी मला दोन भुवया होत्या आणि मी आरशासमोरून उगाच ये-जा करत होतो. पण आपले केस तुला माहीत आहेत. लगेच मधे खुंट उगवले, बुटाच्या ब्रशसारखे, आणि त्यांच्या अवतीभोवती लाल पुरळ. आधी मी नुसता रागावलेला दिसायचो, आता रागावून गोवर आलेला दिसू लागलो.

मग केस काढायचं क्रीम आणलं. आपण आरोग्यखात्यातली माणसं, त्यामुळे ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहिली. तिथे चट्टा उठला तो अजून आहे. डबीवर बारीक अक्षरात ‘डोळ्यांजवळ लावू नये’ असं लिहिलेलं मी त्यानंतर वाचलं, म्हणजे एरवीही ते उपयोगाचं नव्हतंच. पण आपण शास्त्रीय पद्धतीने चाललो आहोत अशी माझी खात्री झाली, आणि त्या खात्रीच्या भरात मी पार्लरमध्ये गेलो.

पार्लर बायकांचं होतं. बाहेर ‘पुरुषांसाठीही’ असं लिहिलेलं होतं, पण ते लिहिणाऱ्याने आत बसून पाहिलेलं नसावं. तीन बायका डोक्याला काही ना काही लावून बसल्या होत्या, आणि मी शिरताच तिघींनी मासिकं वर केली. पार्लरवालीने मला खुर्चीत आडवं केलं, भिंग लावून कपाळ पाहिलं आणि विचारलं, चेहऱ्याला काही लावता का? आता ताई, माझ्या हनुवटीवर या वयातही मुरमं येतात आणि त्यासाठी मी रोज झोपताना एक मलम लावतो. पण त्या तिघी मासिकाआडून ऐकत होत्या. पुरुषाने एवढ्या जणींदेखत मुरमांचं मलम कबूल करायचं म्हणजे काय? मी म्हणालो, छे, नुसतं पाणी. त्यावर तिने बिचारीने विश्वास ठेवला. कोमट मेण लावलं, वर कापडाची पट्टी दाबली, ‘श्वास सोडा’ म्हणाली आणि ओढली. श्वास मी सोडला तो तिन्ही मासिकं खाली येतील इतक्या आवाजात. पट्टीवर केस होते आणि त्यांच्याबरोबर माझी कातडीही होती. पार्लरवाली पांढरीफटक पडली. त्या तिघींतलीच एक उठून माझ्या डोळ्यांवर गार पाण्याचा रुमाल धरून उभी राहिली, आणि मी कबूल केलं की लावतो, मलम लावतो.

दुसऱ्या दिवशी आमच्याच हॉस्पिटलातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना कपाळ दाखवलं. नर्स असून मलमाच्या खोक्यातली चिठ्ठी वाचत नाही म्हणून त्यांनी आधी मला झापलं आणि मग नीट समजावलं. या मलमाने कातडीचा वरचा थर पातळ होतो. त्यावर मेण लावून ओढलं की तो थरही निघून येतो. त्यातून माझी कातडी कोरडी आणि नाजूक, म्हणजे मेण आणि क्रीम दोन्ही वर्ज्य. दोऱ्याने केस काढणं नाजूक कातडीला मेणापेक्षा बरं, पण सवय होईपर्यंत डोळ्यांतून पाणी येतं. मला सगळ्यात सोयीचा साधा चिमटा. अंघोळीनंतर कातडी मऊ असताना, स्वच्छ पुसलेल्या चिमट्याने, एकेक केस, जिकडे झुकतो त्याच दिशेने ओढायचा, वर गार पाण्याचा बोळा ठेवायचा आणि त्या दिवशी उन्हात हिंडायचं नाही. तेलकट चेहऱ्याच्या माणसाने आधी चेहरा धुवावा आणि नंतर जाड क्रीम फासू नये, नाहीतर पुटकुळ्या येतात. (हे मी विचारलं नव्हतं. पण एवढं ऐकल्यावर अर्धवट का सोडा.) आणि हे सगळं जखम भरल्यावर. तोवर कपाळावर चौकोनी पट्टी आणि तोंड बंद.

ती पट्टी लावून मी वॉर्डात आलो. रडं नेहमीप्रमाणे सुरू झालं. फौजदार खाटेखाली गेली. मी ट्रे बाजूला ठेवून तिथेच फरशीवर बसलो. थोड्या वेळाने खालून तिचं डोकं बाहेर आलं.

“तू कुठे पडलास?”

“पार्लरमध्ये.”

“सायकलवरून?”

“नाही. खुर्चीत झोपून. त्यांनी पट्टी खसकन ओढली.”

यावर तिने बराच विचार केला. “रडलास?”

“हो.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“मग फुंकर कोणी घातली?”

मी म्हणालो, कोणीच नाही. तेव्हा ती पूर्ण बाहेर आली, माझे दोन्ही कान धरून माझं डोकं खाली ओढलं आणि पट्टीवर फुंकर घातली. बरीचशी थुंकीच उडाली, पण असो. मग आपणच खाटेवर चढून बसली आणि पाय पुढे केला. “माझी हळू काढ,” म्हणाली. “तुझी काढली तशी नको.”

मी तिची पट्टी पाण्याने भिजवून भिजवून काढली. तिला कोणी धरलं नव्हतं. मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या, त्या तिथूनच परत फिरल्या. पुढे फौजदार बरी होऊन घरी गेली. जायच्या आधी नव्याने आलेल्या एका मुलाला तिने बजावलेलं मी ऐकलं, “तो रागावलेला नाहीये. त्याचे केस तसे उगवतात.” तो मुलगा तरीही रडला. पण माझ्याकडे बघत रडला, खाटेखाली गेला नाही. बदलीचा विषय नंतर निघालेला नाही. जखमेवर आता नवी गुलाबी कातडी आली आहे, आणि तिच्या कडेने आपल्या घराण्याचे केस पुन्हा डोकावू लागलेत. ती पूर्ण घट्ट झाली की त्यांचं काय करायचं ते बघू. घाई नाही.

दाजींना नमस्कार. पाठ सांभाळ, वाकून काही उचलू नकोस.

तुझा लहान भाऊ

ता. क. : हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधेच बोलू लागतेस, आणि मला तुला शेवटपर्यंत आणायचं होतं.

ता. क. दुसरा : हे पत्र घेऊन आलेली तुझी लेक समोर टोपी घालून उभी असेल. तू वाचून संपवेपर्यंत टोपी काढायची नाही असं मीच तिला बजावलंय. आज दुपारी तिने दाजींच्या रेझरने भुवईचा मधला भाग काढायला घेतला. हात घसरला. डावी शाबूत आहे. उजवीचं बाहेरचं टोक तेवढं उरलंय. कापलेलं नाही, मी नीट पाहिलंय, केस परत येतील. ती घाबरून सरळ माझ्याकडे आली. वर्गातल्या मुली काही बोलतात म्हणे. काय बोलतात ते मला सांगितलं नाही. पुढेही तिला काढायचेच असतील तर काढू दे, पण चिमट्याने आणि माझ्यासमोर.

ता. क. तिसरा : आधी आईला का नाही विचारलंस, असं मी तिला विचारलं. म्हणाली, “आईची भुवई अशीच आहे ना मामा. तिला वाटेल, मला ती आवडत नाही.” टोपी तू आपल्या हाताने काढ. आणि हसू आलं तर हस, मी तिला तशी कल्पना दिलेली आहे.