तिसऱ्या डब्यापाशी कोणी नाही

५ एप्रिल
पोहोचले एकदाची! खोलीच्या खिडकीतून मुळ्याचं शेत दिसतं, कोपऱ्यावरच्या दुकानात आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो ताजा मिळतो. आणखी काय हवं?

काम मोठं मजेचं, इलेक्ट्रॉन पळवणाऱ्या प्रयोगशाळेत. वरच्या मजल्यावर क्लायस्ट्रॉन नावाच्या माणसाएवढ्या नळ्या मायक्रोवेव्ह लहरी तयार करतात. त्या पाइपांतून खाली बोगद्यातल्या तांब्याच्या डब्यांत उतरतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन इलेक्ट्रॉन सुसाट सुटतो. घरी भात गरम करतो त्याच जातीच्या लहरी, फक्त ताकद राक्षसी. नव्या डब्याला ती एकदम सोसत नाही, आत ठिणग्या पडतात. म्हणून ताकद हळूहळू चढवत सवय लावायची. तिसरा डबा माझा. आधी त्यावर मिनेगिशी होता, तो काम सोडून गेला म्हणे. महिनाअखेर डब्याने पूर्ण ताकद घेतली तर माझी नोकरी कायम, नाहीतर घरी.

९ एप्रिल
निम्म्यावर गेलं की सगळं बंद पडतं. ठिणगीचा पत्ता नाही! डब्याजवळचं लाल बटण दाबलं जातं. ते आत अडकलेल्या माणसासाठी आहे. पण आत असणार कोण? बोगदा बंद करण्याआधी आम्हीच तपासतो. वरिष्ठ कुवाबारासान प्रत्येक डब्याकडे बोट दाखवून खणखणीत ओरडतात, आत कोणी नाही, ठीक! मागोमाग मी तेच ओरडते. डोळ्यांनी पाहिलेलं बोटाने आणि तोंडाने पक्कं करायचं, ही इथली शिस्त.

१४ एप्रिल
आज आमच्यानंतर तिसरा आवाज आला. मी आहे, म्हणाला. डब्यामागून, अगदी हळू.

मागे कोणीच नव्हतं. कुवाबारासान डब्याला नमस्कार करावा तसे किंचित वाकले आणि पुढे चालू लागले. बाहेर आल्यावर मी पिच्छाच पुरवला, तेव्हा म्हणाले, अगं, जुने बोगदे बोलतात. मान द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचं. मान! इथे माझा महिना पाण्यात चाललाय.

२० एप्रिल
पुन्हा बटण. चहाच्या वेळी विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर विचारलं, काय इनुई, तुझं बाळ अजून दूध पचवत नाही वाटतं? सगळे फिदीफिदी हसले. डोक्यात तिडीकच गेली. कुवाबारासानना म्हटलं, त्या बटणाची तारच काढू या. त्यांनी दातांतून श्वास ओढला. मग म्हणाले, थोडे दिवसच हं. तार मी स्वतः काढली.

२३ एप्रिल
चढला! पूर्ण ताकदीच्या उंबरठ्यावर आहे. पण डब्यावरच्या माइकमधून एरवी ठिणगीची टिकटिक येते, आजचा आवाज तसा नव्हता. कोणीतरी मुठीने ठोकत होतं. ताकद वाढवली तसं जोरजोरात. आणि मी वाढवत गेले.

२४ एप्रिल
मिनेगिशीचं सामान अजून कपाटात आहे. त्याला बाहेर पडताना कोणीच पाहिलेलं नाही.

बास झालं. तार परत जोडायला जाते. आत जाणाऱ्याने दाराबाहेरच्या फळ्यावरची किल्ली सोबत घ्यायची. ती परत लागल्याशिवाय ना दार बंद होतं, ना लहरी सुरू होतात. किल्ली खिशात आहे. घाबरायचं काय त्यात?

बोगद्यात
डब्यामागे कोणी नाही. तारेचं टोक सापडत —

दार लागलं. दाराची मूठ हलत नाही. बटण दाबून काय उपयोग, तार तर मीच — किल्ली माझ्या खिशात आहे, मग फळ्यावरची तिची जागा भरली कशी?

पावलं. सुटले बाई! कुवाबारासान आहेत. केस पार पिकलेत त्यांचे. काल तर काळेभोर होते — सोबत कोणी नवी मुलगी.

थेट माझ्याकडे बोट. आत कोणी नाही, ठीक! मुलगीही तेच ओरडली. मी किंचाळले, मी आहे!

कुवाबारासान किंचित वाकले. निघाले.

मुलगी थांबलीये. ऐकलंय तिने. इकडेच बघतेय — अगं ये, इकडे — नको, वाकू नकोस, नुसती वाकून निघून —