लाल चौकटींचा कित्ता

११ फेब्रुवारी २०२५

लीलाबेन खोटं बोलते. आज पक्कं कळलं!

जानेवारीत नात्यांचे शब्द विचारले तेव्हा म्हणाली, दोन भावंडं, मी आणि मोठा भाऊ. आज 'धाकट्या भावाला काय म्हणता' विचारलं, तर पटकन शब्द आला आणि मागोमाग नावही आलं – अ-फुक. मी म्हटलं, हा अ-फुक मागच्या महिन्यात कुठे होता? तर म्हणे, "भूली गई, बेन." सख्खा भाऊ कुणी विसरतं?

आम्हा बोली नोंदवणाऱ्यांच्या कामाची रीतच अशी आहे. नातं विचारायचं, मग त्या नात्यातल्या माणसाचं नाव, वय, सध्या कुठे असतो, काय करतो. माणूस डोळ्यांपुढे आला की शब्द आपोआप तोंडात येतो. चाळीस वर्षं असंच काम केलंय. पण नावं विचारायला लागलं की ही बाई गोगलगायीसारखी आत जाते.

आणि दुसरी मिळणार कुठून? बडोद्यात हक्का ही चिनी बोली बोलणारी ही शेवटची. बापाचं सयाजीगंजात बुटांचं दुकान होतं. आडनाव लियाउ, त्याचं शेजारणींनी लीलाबेन करून टाकलं. वय पंचाहत्तर, मुलगा कॅनडात. चिनी आणि गुजराती अशी काही मिसळून बोलते की ऐकत राहावं. माझं हे शेवटचं काम. ते हिच्या थापांवर उभं राहणार असेल तर झालंच!

१४ फेब्रुवारी

आज नवीन प्रकार. तिच्या समोर बसून शब्दांची कार्डं क्रमाने लावत होते. नेहमीप्रमाणे जांभळ्या पेन्सिलीने कोपऱ्यात आकडे घालत होते. सवय बाबांची – टोक जिभेला लावायचं, मग आकडा. माझ्या जिभेला कायम जांभळा डाग. ती बोलता बोलता थांबली. पेन्सिलीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, डोकं दुखतंय, आज पुरे.

डोकंबिकं काही नाही. आकडे घातले की कार्ड बदलता येत नाही, हे तिला कळलं असणार. माझ्या मनात पाल चुकचुकली ती उगाच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

म्हटलं, प्रश्न पुरे झाले. "मनात येईल ते बोला, तुमच्या भाषेत. मी मध्ये बोलणार नाही." यंत्र सुरू केलं. अकरा मिनिटं बोलली, एकदाही न अडखळता! डोळे सगळा वेळ माझ्यावर. सुरांचे असे स्वच्छ चढउतार आजवर मिळाले नव्हते. नमुना क्रमांक चौदा. घरी येऊन तीनदा ऐकला, सुरांच्या खुणा करत. काय बोलली? हक्का मला अर्धीमुर्धीच कळते, माझी चिनी पेकिंगची. आशय आभा उतरवून घेईल, तिची हक्का माझ्याहून बरी. मला सूर हवेत.

आभा माझी विद्यार्थिनी. आपल्यातलीच, कारेलीबागेतली. हुशार आहे, जरा जास्तच. संध्याकाळी भाजी घेऊन परत येताना तिची स्कूटर लीलाबेनच्या जिन्याखाली दिसली. मला काही बोलली नव्हती.

२७ फेब्रुवारी

गुरुवार. स्कूटर पुन्हा तिथेच!

२ मार्च

आभाला विचारलं, लिखाण कुठवर आलंय. "बाकीचे नमुने झाले, मॅडम. चौदावा राहिलाय." का राहिलाय? "काही शब्द त्यांनाच विचारावे लागतायत." मग मला का नाही सांगितलंस? तर नजर टेबलावर.

चौऱ्याण्णव साली दिल्लीत माझी अख्खी शब्दयादी एका सहकाऱ्याने स्वतःच्या नावावर छापली. तोही असाच टेबलाकडे बघायचा. मी काही आज जन्मले नाही. चौदावा नमुना हिला स्वतःला हवाय.

९ मार्च

आपल्या महाराष्ट्र मंडळाचे विश्रामभाऊ येऊन गेले. पाडव्याला सत्कार ठरला! म्हणाले, "ताई, शाल-श्रीफळ सगळ्यांनाच मिळतं. तुम्ही तुमचा तो कित्ता घेऊन या. लोकांना गोष्ट आवडते." स्मरणिकेत माझा लेखही आहे – 'बाबांचा चिनी मित्र'. आजच छपाईला गेला.

गोष्ट मलाही आवडते. पाचव्या वाढदिवसाला बाबांनी एक वही दिली. पुढचं कव्हर नाही. पानापानावर लाल चौकटी आणि त्यांत कुणा मुलाने ब्रशने गिरवलेली चिनी अक्षरं. बाबांच्या चिनी मित्राची भेट. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत सहा चौकटी भरलेल्या, पुढच्या चार रिकाम्या. वर्गात मी नेहमी सांगायचे – इथे पोराला कंटाळा आला! पोरं हसायची. त्या रिकाम्या चौकटींनीच मला दिल्लीला नेलं, मग पेकिंगला. काका म्हणाले होते, "चिनी शिकून काय, नूडल्सची गाडी लावणार?" बाबा मात्र कधी काही बोलले नाहीत. आनंदही दाखवला नाही. मला वाटायचं, बाबा, म्हणजे जयवंतराव, जुन्या संस्थानी वळणाचे, भावना दाखवायच्या नाहीत. सरकारी कचेरीत सगळी हयात गेली, पण घरी कचेरीचा शब्द काढला नाही.

१२ मार्च

लीलाबेनने आपण होऊन विचारलं, "तमारा पप्पा शुं करता हता?" मी म्हटलं, नोकरी. "क्यां?" इथेच, बडोद्यात. मग म्हणे, तुमचं घर बघायचंय मला. सहा महिन्यांत माझ्याकडे पाणीसुद्धा न मागणारी बाई! कुठेतरी पाणी मुरतंय.

१६ मार्च

आली. सोबत नानखटाईचा पुडा आणि भलीमोठी कापडी पिशवी. बाबांच्या फोटोपुढे उभी राहिली ती हलेचना. मग काचेच्या कपाटातला कित्ता दिसला. मी हौसेने काढून हातात दिला, मित्राची गोष्टही सांगितली. ऐकून घेतली. पानं न उलटता सरळ शेवटचं पान काढलं. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर ती चपला घालून दारात. "मोडुं थयुं, बेन," म्हणे उशीर झाला. चहा तसाच राहिला.

१७ मार्च

कित्ता नाही!!

कपाट, टेबल, गाद्यांखाली, सगळं पाहिलं. नाही म्हणजे नाही. पाडवा तेरा दिवसांवर. आणि तेही जाऊ दे – बाबांची तेवढीच एक वस्तू माझ्याकडे होती. फार रडले.

आभाला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, प्लीज, आधी चौदावा नमुना ऐका." म्हणजे दोघींचं आधीच ठरलेलं! मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस.

१८ मार्च

चौकीवर तक्रार दिली. लीलाबेनचं नाव घालूनच दिली, मी कुणाला भिते! साहेबांनी विचारलं, वस्तूची ओळख? लिहून दिलं – लाल चौकटी, शेवटच्या ओळीत सहाच अक्षरं, मलपृष्ठावर जांभळ्या पेन्सिलीने मराठीत ४१. साहेब म्हणाले, हा आकडा कसला? मी म्हटलं, कुणास ठाऊक, किंमत असेल.

चिनी वहीवर मराठी आकडा कसा, हे मनात आलं. पण तेव्हा घाईत होते.

२१ मार्च

मिळाला! हवालदार स्वतः घेऊन आला. म्हणाला, काही कटकट नाही मॅडम, आजी तयारच होती. दारात आम्हाला बघितलं आणि आतून वही आणून दिली. जप्तीच्या यादीवर सही करायला सांगितली तर वाचलंसुद्धा नाही, केली.

उघडून बघते तर काय – शेवटची ओळ पूर्ण! सातवी, आठवी, नववी, दहावी. ताज्या शाईने. नासवला माझा कित्ता. चोरी, आणि वर हे! इतका संताप झाला की हवालदाराला पाणी विचारायचं राहिलं.

२३ मार्च

सकाळी दाराच्या फटीतून पाकीट आलं. आभाचं अक्षर. नमुना क्रमांक चौदा, मराठीत. वर एकच ओळ – 'तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही, मॅडम. मी लीलाबेनना म्हणत होते, तुम्हीच मॅडमना सांगा; त्या म्हणायच्या, मी सांगितलंय तिला, तिने ऐकलंय.'

सगळं उतरवून घ्यायचा धीर नाही. थोडंच लिहिते.

'मी बारा वर्षांची होते. कित्ता लिहीत होते. माणसं आली. एक साहेब चांगले होते, ओरडत नव्हते. सगळ्यांची नावं विचारली, वय, कोण कुठे असतं. आईने खरी सांगितली. अ-फुकचंही सांगितलं. मग घरातल्या प्रत्येक वस्तूवर आकडा घातला. पेन्सिल जिभेला लावायचे. तुम्ही लावता तशीच. मांडीवरून कित्ता घेतला तेव्हा चार चौकटी राहिल्या होत्या. मी म्हटलं, एवढ्या लिहू द्या. म्हणाले, आठ दिवसांत परत मिळेल, बेटा. माझीही एक मुलगी आहे. मग यादीवर वडिलांची सही घेतली. चिनी म्हणून आम्हाला राजस्थानात नेलं, छावणीत. साडेतीन वर्षं. अ-फुक तिथेच राहिला, तापाने. आलो तेव्हा दुकान दुसऱ्याचं होतं. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. पण तुम्ही नावं विचारता आणि आकडे घालता. म्हणून सांगते. वही असेल तर मला बघायची आहे.'

हे तिने वीस फेब्रुवारीला मला सांगितलं. तोंडावर, अकरा मिनिटं. आणि मी सुरांच्या खुणा करत होते! घरी येऊन तीनदा ऐकलं, कुठे चढतो, कुठे उतरतो. अर्धीमुर्धी तर कळत होती! 'वही' कळतं मला, 'भाऊ' कळतं, 'ताप' कळतं. ऐकायचंच नव्हतं, म्हणून ऐकलं नाही.

माझं एक कार्ड काढून मलपृष्ठाशेजारी ठेवलं. माझा ४ आणि तो ४ एकाच हाताच्या वळणाचे. अक्षर मला बाबांनीच शिकवलं होतं.

माझा पाचवा वाढदिवस डिसेंबर बासष्टमध्ये होता. जन्मभर चीन शिकवला, बासष्टची लढाई पोरांना तारखांसकट सांगितली, आणि वाढदिवसाचं नि लढाईचं साल एकदाही शेजारी ठेवलं नाही. कोण तो मित्र, नाव काय, कधी घरी का आला नाही – सगळ्यांवर संशय घेणारी मी, एवढं विचारलं नाही. विचारायची भीती होती का? लाज वाटते. बाबांची वाटते, त्याहून जास्त माझी. त्यांनी तिचा कित्ता एकदाच नेला. मी पोलीस पाठवून दुसऱ्यांदा नेला.

विश्रामभाऊंना फोन करून सत्कार नको म्हटलं. ते म्हणाले, "ताई, स्मरणिका छापून झाली हो!"

२४ मार्च

तक्रार मागे घेतली. तिथूनच कित्ता घेऊन तिच्याकडे गेले. माफी कुठल्या भाषेत मागायची, तिन्ही घोळून झाल्या होत्या. लीलाबेनने दार उघडलं. माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काही बोलायच्या आत ती वळली आणि चष्मा लावून परत आली.

"सही क्यां करवानी छे, बेन?"