सुईचं टोपण

ती. आई,
लांबूनच पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

मंगळवारी प्रयोगशाळेत रुग्णाच्या रक्ताच्या सुईला टोपण लावायला गेले आणि ती एकावर एक घातलेल्या दोन्ही हातमोज्यांतून बोटात घुसली. वापरलेली सुई उघडीच डब्यात टाकायची, हे नव्यांना मीच शिकवते. पण काही उघडं ठेवायचं नाही, ही तुझी शिस्त हातात मुरलीये ना!

बोट लगेच धुतलं, साहेबांना कळवलं, लागण होऊ नये म्हणून गोळ्या सुरू आहेत. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतील. भीती वाटायला हवी, पण काहीच वाटत नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे? ताईच्या बाळाला बघायला जरा उशिराच येईन.

आज जेवणाचा डबा उघडाच ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. रागावू नकोस.

तुझीच,
धाकटी