वाघीण देऊन पिकअप

३ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. वाघीण देऊन टाकायची आणि तिच्या बदल्यात पिकअप घ्यायची. वाघीण म्हणजे माझी जीप; तिच्या बाबतीत मी अजिबात हळवा नाही, हे इथे आधीच लिहून ठेवतो.

कारण शाळेच्या नव्या इमारतीच्या खिडक्या. ठेकेदार बाबांना म्हणाला, पहिल्या मजल्याच्या काचा धड पोचल्या, तर वरचे सगळे मजले तुमचेच. बाबांचा जन्म आरसे आणि फोटोफ्रेम विकण्यात गेला. एवढं मोठं काम आमच्या दुकानाने पाहिलेलं नाही. आणि या काचा वाघिणीत उभ्या मावत नाहीत. मी टेपने मोजलं, मग टेप उलटा धरून मोजलं. तरी नाहीत.

उद्या एक्स्चेंज.

४ फेब्रुवारी

एक्स्चेंज उद्या. आज हवा दमट होती. दमट हवेत पेंट मळकट दिसतो आणि भाव पडतो.

संध्याकाळी वाघीण धुतली. टायरच्या खाचा दातांच्या ब्रशने साफ केल्या. बायकोने विचारलं, मुलीची पाठवणी करतोयस की काय. दुर्लक्ष केलं. ब्रश तिचा होता, हे तिला नंतर कळलं.

६ फेब्रुवारी

निर्णय बदललेला नाही, फक्त पुढे गेला आहे. जी गाडी नदी ओलांडू शकते, ती एका काचेपायी द्यायची? बायकोने विचारलं, कोणती नदी. मी म्हटलं, प्रश्न नदीचा नाही, क्षमतेचा आहे. त्यावर तिने आठवण करून दिली, की वाघिणीने रस्ता आजवर एकदाच सोडलाय, तोही फुटपाथसाठी, आणि तिथला मोची अजून आपल्याशी बोलत नाही.

नवी योजना: काचा आडव्या न्यायच्या. खाली आमची गादी, वर रजई. बाबांचा नियम आहे की काच उभी न्यावी, झोपवू नये, झोपवली की मोडते. पण हा नियम जुना आहे. त्या काळी अशा गाद्या मिळत नव्हत्या.

७ फेब्रुवारी, दुपार

काचेत मुळातच दोष असावा.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ

शाळेच्या अलीकडे गतिरोधक आहे. त्यावर कुठलाही बोर्ड नाही, ही पालिकेची चूक. वाघिणीला धक्का जाणवलासुद्धा नाही, यावरून तिची बांधणी कळते. सगळा धक्का काचांनी घेतला.

मला वाटलं बाबा ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसून ते आमच्या गादीतले तुकडे वेचत बसले. वेचता वेचता म्हणाले, "ठेकेदाराला सोमवारपर्यंत थांबवलंय. या वयात हात जोडले मी त्याच्यापुढे."

आज जमिनीवर झोपणार. पाठीला चांगलं असतं.

८ फेब्रुवारी

एक्स्चेंज झालं. जुन्या गाड्यांच्या दलालाने सहज विचारलं, गाडीत काही खोट? मी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं: पावसात डावा वायपर रुसतो, तिसरा गिअर मनधरणी केल्याशिवाय पडत नाही, हॉर्न स्वतःहून वाजतो. तो म्हणाला, स्वतःच्या गाडीविरुद्ध साक्ष देणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

पिकअप पांढरी आहे. समोरून फ्रिजसारखी दिसते. बाबांनी मागे काचा उभ्या टेकवायला तिरकी लाकडी चौकट ठोकली आणि त्या चौकटीवरून असा हात फिरवला, जसा वाघिणीवरून कधी फिरवला नव्हता.

दलालाच्या यार्डातून घरी बायकोने चालवत आणली. माझ्या पोटरीत गोळा आला होता. ती माहेरी भावाची दुधाची गाडी चालवायची, त्यामुळे तिला असल्या सामान्य गाड्यांची सवय आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

रिव्हर्सचा सराव केला. शेजाऱ्यांची कुंडी चुकीच्या जागी होती.

उद्या सकाळी काचा. गाडी मीच नेणार, घरात तसं जाहीर केलं. बाबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने भिंतीकडे पाहिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी लवकर लक्षात आलं, की वाघिणीचा पाना सीटखाली राहिला. पान्याशिवाय काचा न्यायला निघणं बेजबाबदारपणाचं. बसने यार्डात गेलो. पाच मिनिटांचं काम.

तिथे एक गिऱ्हाईक वाघिणीत बसून स्टिअरिंगशी खेळत होतं. त्याला हॉर्नबद्दल सांगणं माझं कर्तव्य होतं. सांगितलं, ते गेलं. मग दुसरं आलं. त्याला तिसऱ्या गिअरबद्दल सांगितलं. तिसऱ्याला काही सांगावंच लागलं नाही, मी नुसता उसासा टाकला.

शेवटी दलाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, तुम्ही काचा विकता ना? मग मी तुमच्या दुकानाच्या दारात उभं राहून सांगू का लोकांना, की ही फुटते म्हणून?"

तुलना मला पटली नाही. पण तोवर दुपार झाली होती.

घरी आलो तर पिकअप जागेवर नाही. चोरी, असंच वाटलं. दुकानात बाबा जेवत होते. म्हणाले, सूनबाई आणि मी काचा पोचवून आलो, आता ती दुसरी खेप घेऊन गेलीय. एकाही काचेला ओरखडा नाही. म्हणे तिने गाडी एका दमात रिव्हर्स घेऊन थेट पायऱ्यांना लावली आणि गवंडी काम सोडून बघत राहिले.

बाबा दोन घास जास्त जेवले. मी त्यांना पाना दाखवला. "बरं झालं," म्हणाले.

१२ फेब्रुवारी

वाघीण विकली गेली. एका कापडवाल्याने दुकानासमोर शोभेला ठेवायला घेतली, इंजिन काढून. गिअरची तक्रार आता कुणी करणार नाही.

मी विचारपूर्वक व्यवस्थापनाकडे वळलो आहे. गाडी काय, कुणीही चालवतं. धंद्याला डोकं लागतं. बाबांनी लगेच मान्य केलं आणि फोन माझ्या हवाली केला.

पहिलाच फोन ठेकेदाराचा. वरचे मजले आपल्यालाच. मी आभार मानले आणि म्हटलं, उद्या मी जातीने गाडी घेऊन येतो.

 

"तुम्ही कशाला त्रास घेता," तो म्हणाला. "वहिनींना उद्या जमत नसेल तर परवा ठेवू. आम्हाला घाई नाही."

त्यांना विचारून सांगतो, म्हणालो.